भिंतीकडे तोंड केलेली पाटी

जिज्ञासा: चारही पुस्तकं जमा करा सर. हे लायब्ररीचं कार्डपण ठेवून घ्या.

सर: परीक्षा बारा दिवसांवर आलीये. या दिवसांत मुलं पुस्तकांसाठी माझ्याशी भांडतात, आणि तू परत देतेस?

जिज्ञासा: त्यांनाच द्या मग. मला काय उपयोग नाय.

सर: बस जरा. म्हणजे... बसतेस का? मला कागदात बघून विचारावं लागतं.

जिज्ञासा: कसला कागद?

सर: रिटायर झालेल्या ग्रंथपालाला कॉलेजने परत बोलावलं, त्यात हेही काम दिलं. दोन दिवस ट्रेनिंग, त्यात हा प्रश्नांचा कागद मिळाला. मुलांचं ऐकून घ्यायचं.

जिज्ञासा: तुम्ही? पाटीबिटी तर कुठे दिसली नाय.

सर: आहे ना. त्या कपाटामागे.

जिज्ञासा: (पाटी फिरवून) 'मनातलं बोला, मी ऐकतोय.' सर, हिचं तोंड भिंतीकडे कोणी केलं?

सर: मीच. खरंच कुणी आलं तर काय बोलू, या भीतीने. आठ महिन्यांत कुणी आलं नाही. रोज दुपारी सुटलो म्हणून घरी जायचो.

जिज्ञासा: तुम्ही पण ना सर, कमाल करता.

सर: हसलीस. यानंतर काय करायचं ते कागदावर नाही. थांब, हं... झोप लागते का?

जिज्ञासा: महिना झाला, नाय लागत. चामटोलीहून निघते, अंबरनाथला येते, वर्गात न जाता इथेच बसते. एकच ओळ दहा वेळा वाचते. आई कॅम्प तीनच्या कारखान्यात दिवसभर जीन्स शिवते आणि घरी येऊन विचारते, झाला का अभ्यास? मी हो बोलते.

सर: पुढचा प्रश्न मला जमत नाही. आरशासमोर विचारून पाहिला, तिथेही अडखळलो.

जिज्ञासा: विचारा ना.

सर: जगूच नये, जीव द्यावा, असं वाटतं का?

जिज्ञासा: (लायब्ररीचं कार्ड बोटांत फिरवत) सर, ते...

सर: सावकाश सांग.

जिज्ञासा: कधी कधी. आज सकाळी जास्तच वाटलं. म्हटलं, पुस्तकं तरी देऊन टाकू.

सर: बरं केलंस, सांगितलंस.

जिज्ञासा: आता लेक्चर द्या.

सर: येत नाही गं. चाळीस वर्षं मी फक्त 'शांतता राखा' एवढंच बोललोय. पण वर नूतन मॅडम आहेत, समुपदेशक. आत्ताच जाऊ.

जिज्ञासा: नको. त्या दाराकडे सगळे बघतात. पागल बोलतील.

सर: म्हणून तर मी पुस्तक घेऊन जातो.

जिज्ञासा: तुम्ही जाता?

सर: बायको गेल्यावर मलाही झोप येईना. तीनदा दारातून परत फिरलो. चौथ्यांदा पुस्तक नेलं. कुणी विचारलं तर म्हणायचं, द्यायला आलोय. कुणी विचारलंच नाही. आता मॅडमकडे माझी अकरा पुस्तकं आहेत.

जिज्ञासा: त्या वाचतात?

सर: गांडूळखताचं वाचलं म्हणाल्या. मला वाटतं, माझ्या समाधानासाठी.

जिज्ञासा: तुम्ही बाहेर थांबाल?

सर: दारातच. हवं तर आत येईन. आईला कसं सांगायचं, तेही मॅडमना विचारू.

जिज्ञासा: ...कुठलं पुस्तक घेऊ?

सर: कुठलंही. फार जाड नको, जिना आहे.

जिज्ञासा: आणि ही चार? जमा केलीच नाय तुम्ही.

सर: नाही केली. तुझ्या नावावरच राहू देत.