सुंदराच्या भिंतीवरची रेघ

आधी नावं लिहून घ्या. तुम्ही माझं आयुष्य लिहायला आलात म्हणता, पण नावं, नाती आणि साक्षीदार कागदावर आल्याशिवाय मला बोलता येत नाही, ही माझी सवय समजा की व्यवसाय समजा. अर्जदार: श्रीमती सुंदरा, माझी धाकटी बहीण, विधवा, राहणार खालची आळी, कुंडलिकेच्या काठी, तालुका रोहा. अर्ज लिहिणार: मी, मुरलीधर, सदर सुंदराचा थोरला भाऊ, बैठक कचेरीच्या बाहेर बदामाच्या झाडाखाली. साक्षीदार पहिला: इब्राहिमचाचा, सुंदराचा लगतचा शेजारी, पूर्वी मस्कतला नोकरीस, हल्ली घरीच. साक्षीदार दुसरी: जनाबाई, राहणार जोहे, तालुका पेण, सुंदराची विहीण. ह्या दुसऱ्या साक्षीदाराचं नाव अर्जावर कसं आलं तेवढंच सांगण्यासारखं आहे, बाकी माझ्या आयुष्यात काय आहे, कागद आहेत. दिनांकाची जागा मोकळी सोडा. आवक शिक्का पडेल तोच दिनांक.

आमचं मूळ पेणच्या खारेपाटातलं. वडील मिठागरावर, आई पण तिथेच, आणि आम्ही भावंडं बांधावर वाढलो. मी नववीपर्यंत शिकलो. दहावीला बसलो असतो तर आज कचेरीच्या आत असतो, पण बसलो नाही, म्हणून बाहेर आहे, आणि बाहेर राहून आतल्यांना सदर, उपरोक्त, यास्तव हे शब्द कुठे घालावेत ते मी शिकवलेलं आहे, हे मी गर्वाने नाही, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. सुंदराला रोह्याकडे दिली, मागून मी पण कामधंद्यासाठी इकडेच आलो. तिचे यजमान लवकर गेले. एक मुलगी, प्रणाली. मग भाऊ म्हणून जे करायचं ते केलं, त्याची यादी देत नाही.

आता पाण्याचं. खालची आळी नावाप्रमाणेच खाली आहे. वर डोंगरात पाऊस झाला की नदी वरून येते आणि खाडीची भरती असली की ती खालून अडवते, मग पाणी जाणार कुठे, ते आळीत येतं, ओटा चढतं, चुलीपाशी जातं, पुन्हा ओहोटी लागली की आपल्या आपण निघून जातं आणि मागे चिखल ठेवतं, भिंतीवर एक तपकिरी रेघ ठेवतं. ही रेघ म्हणजे खरा पंचनामा. पण आमच्याकडे रीत काय, तर गणपतीच्या आधी घराला रंग काढायचा. अख्खी आळी चुना कालवते. देव यायचा तर भिंतीवर डाग नको. म्हणजे पाणी आषाढात येतं आणि भाद्रपदात त्याचा पुरावा आम्हीच पुसतो, आणि दरवर्षी हे करताना आम्हाला वाटतं की आपण घर स्वच्छ केलं. सुंदरा तर ह्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. तिच्या भिंतीला बोट लावलं तर ओरडते.

आणि दुसरं कारण तुम्हाला कोणी सांगणार नाही, मी सांगतो. ज्या घरात पाणी शिरतं त्या घरातली मुलगी करताना माणसं दहादा विचार करतात, आणि त्या घरात मुलगी देताना वीसदा. त्यामुळे सरकारी मदतीच्या अर्जात आम्ही पाणी छातीपर्यंत लिहितो आणि पाहुण्यांसमोर म्हणतो, पाणी? छे, ते खालच्यांकडे येतं. आता खालच्या आळीच्या खाली कोण राहतं ते पाहुण्याने विचारू नये.

तर झालं असं. प्रणालीला जोह्याचं स्थळ आलं होतं. गणपतीचे कारखानदार, मुलगा मूर्तीचे डोळे रेखतो, हात स्थिर, माणसं बरी. हिवाळ्याचे दिवस होते, पाहणीचा कार्यक्रम, जनाबाई आणि त्यांचे दोघे भाऊबंद ओटीवर बसलेले, मी मध्ये बसलेलो, चहा आलेला, आणि त्याच वेळी दारात एक मुलगी उभी राहिली, खांद्याला पिशवी, हातात ती पाटीसारखी मोबाईलची मोठी बहीण. नदीच्या खोऱ्याचा पूरधोक्याचा नकाशा करण्याचं काम चाललं होतं, त्यातली ती सर्वेवाली. गोड बोलली. म्हणाली, मावशी, उपग्रहावरून आम्ही जमिनीची उंची घेतलीय, पण उपग्रह वरून बघतो, त्याला छप्पर दिसतं, झाडाचा शेंडा दिसतो, खालची जमीन नीट कळत नाही, तुमच्या घराशी आकडा जुळेना म्हणून मी विचारायला आले, तुमच्या घरात पाणी कुठवर येतं?

काय सांगू तुम्हाला. आभाळाला जी शंका आली तिचं निरसन करायला माणूस दारात आलं, आणि कधी आलं, तर विहीण चहा पीत असताना.

सुंदरा म्हणाली, आमच्या घरान? नाय गो बाय. आमच्या घरान कदी पानी नाय आलं.

ती मुलगी माझ्याकडे वळली, काका, खरंच नाही? आणि मी, ज्याने ह्याच घराच्या पाण्याचे अर्ज इतक्या वेळा लिहिलेत की मजकूर डोळे मिटून सांगेन, मी म्हणालो, बाई, सदर घराचा जोता उंच आहे. जोता काय उंच, गुडघ्याएवढा. पण भाचीचं लग्न समोर बसलेलं होतं, तुम्ही असता तर दुसरं काय बोलला असता? तिने स्वच्छ भिंतीचा फोटो घेतला, पाटीवर बोट दाबलं, सुंदराने तिला पण चहा दिला. जनाबाई घरभर नजर फिरवत होत्या, आम्हाला वाटलं, भांडीकुंडी बघतात.

लग्न झालं. वैशाखात झालं, नीट झालं. आषाढात पाणी आलं, श्रावणात भिंत धुतली, भाद्रपदात गणपती बसला. सगळं रीतीप्रमाणे.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीत नकाशा लागला. मोठा, रंगीत. तांबडा म्हणजे धोका फार, पिवळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे निर्धास्त. जे तांबड्यात त्यांना वर माळावर घरासाठी जागा मिळणार असं ठरलं होतं. आळी सगळी तांबडी, आणि तिच्या मधोमध पानावर चुना लागावा तसा एक हिरवा चौकोन. त्यात दोन घरं. एक इब्राहिमचाचाचं, एक सुंदराचं.

नकाशाबरोबर आलेले इंजिनियर होते, त्यांना मी रीतसर विचारलं. चांगले होते, खोटं का बोलू. त्यांनी सांगितलं की सगळ्या जमिनीचे चौकोन पाडलेत आणि एका चौकोनाला एकच उंची मिळते. चाचाचं घर दुमजली, वर गच्ची, त्यावर पत्रा, ते उपग्रहाला दिसलं आणि ती उंची अख्ख्या चौकोनाला लागली. म्हणाले, अशी चूक होते हे आम्हाला माहीत असतं, म्हणूनच आम्ही माणूस पाठवतो, तुमच्याकडे पाठवला होता, घरमालकिणीचं उत्तर आमच्याकडे आहे, पाणी येत नाही. मुद्दा त्यांचा बरोबर होता. मी हरकतीची मुदत विचारून घेतली.

चाचा मात्र हसला. म्हणाला, सुंदरा, माज्या मस्कतच्या कमाईनं तुजं घर उंच झालं, तुला खबर पन नाय. सुंदरा म्हणाली, मग पावसात पन तुमच्या गच्चीवरच ऱ्हाते, भाडं मागू नका. बोलली हसून, पण माळावरच्या जागेच्या यादीत सगळ्या आळीचं नाव होतं आणि तिचं नव्हतं. चाचाला गच्ची आहे. हिला काय आहे? आळी वर निघून गेली की खाली पाण्यात हाक मारायला पण कोणी उरणार नाही, हे तिला कळत होतं, मला कळत होतं.

हरकतीचा अर्ज मी त्याच आठवड्यात लिहिला. खिडकीवरच्या कारकुनाने वाचला, मला ओळखतो, म्हणाला, मुरलीधरशेठ, भाषा फस्क्लास, पण पुरावा? जुने मदतीचे अर्ज तुमच्याच हातचे, ते नाही चालणार. पाण्याच्या खुणेचा फोटो पाहिजे, आणि साक्षीदार आळीबाहेरचा पाहिजे, शेजारी चालेल पण एकटा नाही चालणार. खूण तर आम्ही चुन्याने झाकलेली. आणि बाहेरच्या कोणी ते घर आतून बघितलं होतं? जोह्याच्या माणसांनी.

मी सुंदराला म्हटलं, विहिणीला सांगू. ती उसळली. दादा, तुला अक्कल हाय का? पोरगी नांदतेय तिथं. तिच्या सासूसमोर मी बोलले, पानी येत नाय. आता मी खोटारडी ठरू, आणि उद्या तिथं कपबशी फुटली तरी ती माज्या पोरीला म्हनंल, आईवर गेली. मला नको तुजा माळ. मी समजावलं, रागावलो, कायद्याचं सांगितलं. तिने अर्जावर अंगठ्याची जागा तशीच कोरी ठेवली. सही येते तिला, पण ती पण केली नाही. मी तो अर्ज पिशवीत ठेवला आणि दुसऱ्यांचे अर्ज लिहीत राहिलो.

पुढच्या पावसाळ्यात प्रणाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. रीत आहे, नाही म्हणता येत नाही, नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मुलगा झाला. बाळ-बाळंतीण घरी आली, आणि आठवडा होतो न होतो तो भर दुपारी नदी वर चढली. भरतीची वेळ. मी रोह्यातून निघालो, पण रस्ता बंद. इकडे चाचाने काय केलं, बाळ आपल्या जुन्या पत्र्याच्या टबात ठेवलं, वर छत्री, आणि कमरेएवढ्या पाण्यातून टब ढकलत आपल्या जिन्यापर्यंत नेला, मागून सुंदरा लेकीला धरून. गच्चीवर बसले सगळे. वय बघा त्या माणसाचं. पाणी उतरलं, बाळ सुखरूप, प्रणालीला ताप भरला, तो पण उतरला.

निरोप जोह्याला गेलाच. जनाबाई पेणवरून एसटी धरून निघाल्या. त्या येतात हे कळल्यावर सुंदराने काय करावं, तर बादली आणि काथ्या घेऊन भिंत घासायला लागली. मी तिथे होतो. मी म्हटलं, अगं लेकीला ताप होता, तू भिंत कसली घासतेस. तर म्हणते, ती येईल ना, ती बघंल. रडत होती आणि घासत होती.

जनाबाई दारात उभ्या राहिल्या. चप्पल काढली नाही, चिखलच होता. नातवाला घेतलं, सुनेच्या कपाळाला हात लावला, मग सुंदराकडे बघितलं आणि म्हणाल्या, ठेव गो तो काथ्या.

सुंदरा म्हणाली, विहिणबाई, मी तुमच्याशी खोटं बोलले.

काय नाय बोललीस, त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी चा पिता पिता तुजे देव बघितले. देव्हारा इतका वर कोन लावतो? हात जोडायला टाचा वर कराव्या लागतात. आमच्या घरान पन देव तितकेच वर हायेत. आमच्याकडं पानी आलं की आमी आदी गनपती माळ्यावर चढवतो, मग पोरं, मग आमी. मला तवाच समजलं. म्हनून तर तुजी पोर केली. पान्यातली हाय, आमच्या घरान टिकंल. सुकी पोर आनली असती तर पहिल्याच आषाढात बापाकडं पळाली असती.

सुंदरा तशीच बादलीजवळ बसली. मग मी पिशवीतून तो अर्ज काढला. जनाबाई म्हणाल्या, कुठं करू सही, आणि माझ्याच पेनाने, एकेक अक्षर घोटून, पूर्ण नाव लिहिलं, जोहे पण लिहिलं.

अर्धी भिंत घासून झाली होती. अर्धी राहिली. त्या अर्ध्यावर रेघ आहे, माझ्या कमरेच्या वर. ह्या वर्षी त्या घराला चुना लागला नाही. गणपती त्या रेघेसमोर बसला. आरतीला आलेल्या बायका कुजबुजल्या, सुंदराकडं ह्या वर्षी रंग नाय काढला? तिने निरांजन पुढे केलं. ज्या बाईने आयुष्यभर भिंतीवर बोट टेकू दिलं नाही, तिला त्या रेघेसमोर रोज जेवायला बसावं लागतं, हे कोणत्या रकान्यात लिहू, सांगा.

रेघेचा फोटो जोडून अर्ज दिला. पोच मिळाली. स्मरणपत्र दिलं. त्याची पण पोच मिळाली. खिडकीवर म्हणतात, नकाशा दुरुस्त होतो, पण वरून होतो, वेळ लागतो. मी भांडत नाही. पूर्वी भांडलो असतो. आता बदामाखाली बसतो, मान दुखते, आणि आळीतली माणसं माळावर आपापल्या जागा बघून येताना माझ्यासमोरून जातात, तेव्हा मी पेनाचं टोपण लावतो नि काढतो. चाचा विचारतो, क्या हुआ अर्जनवीससाहेब, सरकार सो गयी? मी म्हणतो, विचाराधीन आहे.

तेव्हा शेवटचं मी सांगतो तसं लिहा, शब्द बदलू नका. उपरोक्त सर्व हकीकत खरी असून, अर्जदाराने पूर्वी दिलेले उत्तर लेकीच्या लग्नापायी दिलेले होते, ते कृपया रद्द समजावे. त्याबद्दल जे रागावायचे ते अर्ज लिहिणाऱ्यावर रागवावे. सदर घराच्या आतील भिंतीवर पाण्याची खूण अद्याप कायम आहे, ती अर्जदाराने पुसलेली नाही. तरी पुढल्या पावसाआधी कोणीही एक अधिकारी, लहान-मोठा, त्याच सर्वेवाल्या ताई आल्या तरी चालेल, समक्ष येऊन पाहून जावे, आणि घर हिरवे ठेवणार की तांबडे करणार, जे असेल ते लेखी कळवावे. चहा मिळेल. उत्तराची वाट पाहत आहोत.