असली नागपुरी संत्रा

माह्या जाऊच्या पारखीचं कौतुक ऐकून ऐकून माहे कान किटले, बाप्पा! ती नागपूरले राहते. तिनं आणलेलं सारं असली, अन् मी सौसरच्या बाजारातून आणलेलं सारं नकली. सासूबाईही तिचीच री ओढतात.

दिवाळीत ती संत्र्याची अख्खी पेटी घेऊन आली. म्हणे, “असली नागपुरी म्हणून काहीही खपवून राहिले लोक. मी साल दाबून, वास घेऊन पारखूनच आणली.”

सासूबाईनं एक फोड तोंडात टाकली. “याले म्हणतात संत्रा! आपल्या बगिच्यातल्याले ही चव नाही वं.”

माह्या अंगाची आग आग झाली. मी पेटी रिकामी करून राहिली होती, तर तळाशी हिरव्या ठिपक्यांचं फडकं निघालं. माहीच जुनी साडी! बगिच्यात संत्रा तोडाईच्या वक्ती पेटीत मीच फाडून अंथरली होती. आमचाच माल व्यापाऱ्यानं नागपूरले नेला होता.

आता जिरते जाऊबाईची, म्हणून मी ते फडकं सासूबाईपुढं धरलं, सारं सांगितलं.

सासूबाईनं फडकं निरखून पाहिलं अन् माह्याकडं वळल्या, “पाह्य, याले म्हणतात पारख! एवढ्या मोठ्या बाजारातून नेमकी आपलीच पेटी उचलून आणली पोरीनं!”