ओढ्यावरची पाळत

...अहो पण मी काय एकटाच सोडतो का? आमच्या गल्लीत आम्ही सूत रंगवणारे सात रंगारी, सातांचे सात पाइप ओढ्यात, मग माझ्याकडेच का बघताय असं? बरं, टाकी आहे हो माझ्याकडे! सांडपाणी निवळायची, पक्की सिमेंटची! तपासणीवाले साहेब येणार म्हणून बांधली, साहेब आले, 'वा वा' म्हणाले, गेले... आणि मी तिच्यात सुताची पोती रचली. काय करणार? पूड घाला, दिवसभर थांबा, गाळ उपसा... त्यापेक्षा पहाटे रंगाच्या हौदाचं बूच काढलं की मोकळा! आणि मी काय एकटाच सोडतो का?

तर तुम्हाला सांगतो, त्या दिवशी असंच जांभळं सोडलं, आणि नऊ वाजता दारात कोण? माझी धाकटी बहीण! तिची लाँड्री खालच्या अंगाला, ओढ्याचं पाणी पंपानं उचलते, हॉस्पिटलच्या चादरी धुते. काखेत ओलं गाठोडं, डोळे भरलेले. "दादा, चाळीस चादरी रे! पांढऱ्या घातल्या, जांभळ्या निघाल्या! माझं काम जाणार आता... कुठल्या मेल्यानं सोडलं रे?"

निघालं काय तोंडातून, तर, "सातजण आहेत बाई, कुणाकुणाचं नाव घेणार?"

"सात कुठले? सहा! तुझी टाकी आहे ना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! दिवसभर बसलो, एकेक चादर स्वतःच्या हातानं घोळवली, रंग उतरवला, तिचं काम वाचलं. पण ते पाणी टाकायचं कुठं? बहीण शेजारी उभी! मग काय, पोती बाहेर, पाणी टाकीत. "पोती कशाला रे आत?" म्हणाली. मी म्हटलं, "वाळत घातली होती." टाकीत! आणि तिनं विश्वास ठेवला हो, त्याचीच लाज वाटते...

वर म्हणते कशी, "दादा, उद्यापासून पहाटे ओढ्यावर पाळत ठेवू दोघं. सापडू दे मेला!"

नाही कसं म्हणणार? बारा दिवस झाले, ती थर्मासातून चहा आणते आणि मी काठावर बसतो, स्वतःलाच पकडायला! माझं पाणी आता मुकाट्यानं टाकीत. म्हटलं, बाकीचे सहा तरी सापडतील, जरा बरं वाटेल जिवाला... रोज डोळे फाडून बघतो. सहाही पाइप वाहतात, आणि सहांतूनही पाणी कसं, निवळलेलं! एकाला विचारलं तर म्हणाला, "म्हणजे? टाकी कशाला बांधलीय?"

बहीण म्हणते, "बघ दादा, तू बसलास म्हणून घाबरला मेला!"

घाबरलाय खरा. आणि तुम्हाला सांगतो... एकटाच होता हो!