सरळ काढलेला मनोरा

सन्माननीय अध्यक्ष नगराध्यक्ष क्राफ्ट महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि सभागृहातील सुजाण नागरिकहो,

प्रथम क्षमा मागते. झीबर्ट मास्तरांसारख्या वास्तुचित्रकाराच्या निरोपासाठी मनोऱ्याच्या पहारेकऱ्याच्या मुलीने लेखणी उचलावी, हे धाडसच. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. म्हणून हे भाषण अध्यक्षांनीच वाचावे, ही विनंती.

मास्तरांनी उभे आयुष्य आपल्या आल्टेनरोडच्या वेशी, कमानी आणि घंटाघरे रंगवली. त्यांच्या चित्रशाळेत मी रंग घोटायला शिकले. मोजपट्टी लावल्याखेरीज त्यांनी साधी खिडकीही काढली नाही. 'अचूक झीबर्ट' हे नाव त्यांना उगाच का मिळाले?

पण या वसंतात तीच अचूकता आमच्या मुळावर आली. नगरपरिषदेच्या अभियंत्यांनी अध्यक्षांच्या खुर्चीमागचे, मास्तरांनी काढलेले आमच्या मनोऱ्याचे चित्र पाहिले आणि निदान केले, "तीस वर्षांपूर्वी मनोरा सरळ होता, आज कललेला आहे. म्हणजे तो कोसळणारच." पाडण्याचा हुकूम निघाला. वडील सांगत राहिले, "साहेब, आजोबांच्या काळापासून मनोऱ्यातल्या घरात आमचे सूप ताटलीच्या एकाच काठाला जमते!" उत्तर मिळाले, "घर वाचवायला माणूस काहीही सांगतो."

मी मास्तरांकडे धावले. ते कुंचले धूत होते.

"मास्तर, मनोरा तेव्हाही कललेलाच होता ना?"

"होता की. मीच सरळ केला, पोरी. आमच्या धंद्यात सगळेच करतात. चित्रातली भिंत कलली, की गिऱ्हाईक म्हणते, चित्रकार बिअर ढोसून बसला होता."

"मग हे परिषदेत सांगाल?"

त्यांनी कुंचले पुसून ठेवले. साऱ्या आयुष्याची कीर्ती 'अचूक' या एका शब्दावर उभी होती. अखेर म्हणाले, "माझा चांगला कोट काढ. खोटे कबूल करायला फाटक्या कोटात कशाला जायचे?"

परिषदेत अध्यक्षमहोदय गरजले (आपले शब्द आपल्याच मुखी घालते आहे, पुन्हा क्षमा!), "म्हणजे इतकी वर्षे आमच्या खुर्चीमागे थाप टांगली होती?"

"होय," मास्तर म्हणाले, "आणि दर नाताळात आपण ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होता."

सभागृह हसले, आणि तेव्हा कुठे कोणाला तरी मनोऱ्याचा पाया तपासावासा वाटला. चित्रावर विश्वासच एवढा, की तोवर ते सुचलेच नव्हते. एकही दगड जागचा हललेला नव्हता. हुकूम मागे घेतला गेला.

त्यानंतर मास्तरांकडे येणारी कामे दुसऱ्या चित्रकारांकडे गेली, हे आपण जाणता. आज ते मुलीकडे बांबेर्गला निघाले आहेत. मग आपण निरोप कोणाला देतो आहोत? नाव गमावलेल्या म्हाताऱ्याला? मुळीच नाही. आमची चूल अजून मनोऱ्यात पेटते, ती ज्यांच्यामुळे, त्यांना.

आपण सर्वांनी ऐकून घेतले, याबद्दल आभारी आहे. काही उणेअधिक लिहिले गेले असल्यास पोटात घालावे. आणि अध्यक्षमहोदय, वाचताना कृपया मागे टेकू नये. आज सकाळी मास्तर स्वतः शिडीवर चढले होते. चित्रातला मनोरा आता आमच्या घराइतकाच कललेला आहे, आणि रंग अजून ओला आहे.

आपली नम्र,
अपोलोनिया हुटर
शनिवार, १७ ऑक्टोबर १८७४, सकाळी सव्वाअकरा वाजता शिपायाहाती रवाना