याहून मोठा आकडा आला तर?

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे विभागप्रमुख साहेब. व्यासपीठावरच्या संचालक मॅडम. आज निवृत्त होणाऱ्या ताई, ज्यांना आपण सगळे पाठीमागे 'किटलीबाई' म्हणतो. त्यांचे यजमान, जे मघापासून पंख्याकडे बघतायत. आणि मागच्या रांगेतल्या मित्रहो, बिस्किटं संपणार नाहीत, जरा ऐका.

मला पाच मिनिटं दिलीत. ताईंबरोबर मी चार वर्षं काढली, म्हणजे वर्षाला सव्वा मिनिट. बरं.

संचालक मॅडम, तुम्हाला ही किटली माहीत नसेल. चहाची साधी किटली. मी पहिल्या आठवड्यात सेन्सरचा कोड लिहून अभिमानाने घेऊन गेले. ताईंनी तो वाचलाही नाही. सेन्सर उचलला आणि किटलीत बुडवला! म्हणाल्या, "टेबलावर सगळेच शहाणे असतात गं." तेव्हापासून ऑफिसच्या चहाला वायरीचा वास येतो. तक्रारी कोणी केल्या, ते इथेच बसलेत.

आणि तो प्रश्न! "याहून मोठा आकडा आला तर?" कोडच्या प्रत्येक पानावर, लाल पेनाने. माझा एक कोड अकरा वेळा परत आला. अकरा! मी वैतागून म्हटलं, "ताई, येणारच नाही." त्या म्हणाल्या, "त्याने तुला लिहून दिलंय का?" अशा माणसाशी वाद तरी काय घालणार?

पंख्याकडे बघणाऱ्या काकांसाठी सोपं करून सांगते. आमच्या यंत्राच्या चिपमध्ये आकडे ठेवायला डबे असतात. लहान डब्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत मावतं. एक जरी जास्त घातला तरी डबा सांडत नाही, गप्प उलटतो. आकडा थेट उणे होतो. कुठे घंटा नाही, काही नाही.

आता नवजात बाळांचं आपलं ऊबयंत्र घ्या. गादीखाली सेन्सर. तो आमच्या एसी खोलीत दोन हजार दाखवतो, बाळाला हवी तेवढी ऊब असली की तीन हजार. आमचा कोड त्याला दहाने गुणतो. तीन हजारांचे तीस हजार, मावले. बेचाळीस अंशांना हीटर बंद व्हायला हवा. पण बेचाळीसच्या थोडं अलीकडेच डबा उलटतो. यंत्राला वाटतं, बाप रे, गादी गोठली! आणि ते हीटर पूर्ण सोडतं.

हो, गुणाकाराची ती ओळ माझी. मी मोठा डबा घेतला होता हो, पण गुणून झाल्यावर. दूध उतू गेल्यावर मोठं पातेलं आणण्यातला प्रकार. ताईंचं म्हणणं इतकंच होतं, की आधी मोठ्या डब्यात घ्या, मग गुणा, आणि सेन्सर टोकाला पोचला तर आकडा देऊच नका, हीटर बंद करा. दोन ओळी. दोन!

यंत्र बाहेर पाठवायच्या कागदावर ताईंनी तीन आठवडे सही केली नाही. साहेब, तुम्ही म्हणालात, "अहो, आकडा तिथवर जातच नाही, तारीख गाठायचीय." मग ताईंना माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. मग त्यांनी मुदतीआधी निवृत्ती मागितली. आपण गुच्छ मागवला. सही कोणी केली? मी. मला वाटलं, सुटले एकदाची त्या लाल पेनातून.

आज दुपारी ताईंचं टेबल रिकामं बघितलं. वर फक्त किटली, घासूनपुसून. का कोण जाणे, मी पाणी उकळलं आणि सेन्सर बुडवला. पडद्यावर आलं, उणे चोवीस हजार पाचशे शहाऐंशी. उकळतं पाणी, आणि उणे!

ताई, हसू नका. चार वर्षं तुमच्यावर चिडले, आता तुम्ही चाललात तर अजूनच चिडलेय. हा प्रश्न उद्यापासून कोणी विचारायचा? निदान किटली तरी ठेवून जा. चहाचं आम्ही बघून घेऊ.

आता आभार. संचालक मॅडम वेळात वेळ काढून आल्या, आभार. काकांनी इतकी वर्षं हा प्रश्न घरीही ऐकला असणार, त्यांचे विशेष आभार. आणि साहेब, तुमच्या खिशात मघापासून थरथरतोय तो फोन गेटवरचा आहे. ऊबयंत्रं घेऊन प्रसूतिगृहाकडे निघालेला टेम्पो मी थांबवलाय. माझी सही मागे घेतल्याचं पत्र तुमच्या टेबलावर आहे, आणि त्यावर लाल पेनाने एकच प्रश्न.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. त्या ओळीतलं मात्र घालू नका. साहेब, फोन घ्या.