कानवाल्याचा विषय

(चष्म्याच्या दुकानातली नजर तपासायची खोली. दार उघडं, समोर गल्ल्यावर बसलेली आत्या दिसते. तपासणीच्या उंच खुर्चीत मुलगी, मांडीवर लॅपटॉप.)

वडील : पण प्रकाशशास्त्र सोडून ध्वनिशास्त्र? चष्मेवाल्याची पोर तू. समोरचा कानवाला काय म्हणेल?

मुलगी : तो कानात घालायची मशिनं विकतो. त्याला माझ्या विषयांशी काय घेणं, बाबा?

वडील : सगळ्या बाजारात सांगत सुटेल. चष्मेवाल्याची मुलगी शेवटी आमच्याच बाजूला आली म्हणून.

आत्या : त्याचं राहू दे. आत्ता एक बाई येऊन, उभी राहून, निघून गेली. दारावरची घंटा ऐकली नाहीस?

वडील : ताई, ती घंटा बिघडलीय. किती वेळा सांगू?

आत्या : बरं. मग पोरीला पाटीचं तरी सांग.

मुलगी : कसली पाटी?

वडील : तू गल्ल्यावर लक्ष दे ना, ताई.

आत्या : रंगाऱ्याकडे टाकलीय. दुकानाच्या नावाखाली 'प्रकाशशास्त्रातील तज्ज्ञ कन्येच्या देखरेखीखाली'. आणि कन्येचं अजून शेवटचं वर्ष सुरू व्हायचंय.

मुलगी : बाबा, तो विषय मी अजून घेतलेलासुद्धा नाही.

वडील : रंगारी वेळ लावतो. तोवर शिकून झालं असतं तुझं.

मुलगी : भौतिकशास्त्राचे बाकी सगळे विषय ठरलेले आहेत. हा एकच आपल्या मर्जीचा. आज संध्याकाळी ऑनलाइन निवड बंद होते, मग बदलता येत नाही.

आत्या : मग टाक की तुझ्या मर्जीचा.

मुलगी : बाबांनी हो म्हणू दे.

वडील : असं आहे तरी काय त्या ध्वनिशास्त्रात?

मुलगी : आमच्या विद्यापीठात एक खोली आहे. भिंतींना, छताला, सगळीकडे स्पंजचे सुळके. आत आवाज परत फिरतच नाही. मी टाळी वाजवली, ती हातातच मेली. मग थोड्या वेळाने माझ्याच पोटातली गुडगुड ऐकू यायला लागली. मला बाहेर यावंसंच वाटेना.

आत्या : त्याला विद्यापीठ कशाला? तुझ्या बापाची गुडगुड मला स्वयंपाकघरातून ऐकू येते.

वडील : थांबा. असं ठरत नाही. ही चौकट नाकावर चढव.

मुलगी : माझे डोळे चांगले आहेत.

वडील : डोळे कोण तपासतंय? आयुष्यभर लोकांना एवढंच विचारत आलो, हे बरं की ते बरं. भराभर विचारलं की माणूस खरं बोलतो. पहिलं, प्रकाशशास्त्र. दुसरं, ध्वनिशास्त्र. कोणतं बरं?

मुलगी : दुसरं.

वडील : नीट बघ. पहिलं... की दुसरं?

मुलगी : दुसरं.

आत्या : अरे, चौकट रिकामी आहे. भिंग तरी घाल.

वडील : मध्ये बोलू नकोस. शेवटचं विचारतो. पहिलं?

मुलगी : ...पहिलं चालेल. तेच टाकते, बाबा. पाटी वाया जायला नको.

वडील : हं. खालची ओळ दिसत नसताना 'दिसते, दिसते' म्हणणारी गिऱ्हाइकं अशीच बोलतात. घरी जायची घाई. मग आठवड्याने चष्मा घेऊन भांडायला येतात.

आत्या : कळलं ना? मग सोड तिला.

वडील : पण हे खूळ आलं कुठून? नुसत्या त्या खोलीमुळे?

मुलगी : खोलीमुळेच. पण आणखी एक आहे. रागावू नका.

वडील : बोल.

मुलगी : दारावरची घंटा बिघडलेली नाही.

वडील : ...गंजली असेल.

मुलगी : काल मी तुमच्या पाठीमागे उभी राहून वाजवली. तुम्ही भिंग पुसत राहिलात. ऐकू कमी यायला लागलं की बारीक, उंच आवाज आधी जातात म्हणे. ते कसं, हे मला शिकायचंय.

वडील : म्हणजे शेवटी मला कानवाल्याच्या पायरीवर नेणार.

मुलगी : आधी आमच्या खोलीत. तिथे बाजारातलं कुणी नसतं.

आत्या : बोल रे काहीतरी. पोरीला संध्याकाळच्या आत टाकायचंय.

वडील : टाक. ध्वनिशास्त्र टाक.

आत्या : आणि पाटी?

वडील : रंगाऱ्याला म्हणावं, 'प्रकाशशास्त्रातील' तेवढं पुस. 'तज्ज्ञ कन्या' राहू दे.

मुलगी : टाकलं, बाबा.

वडील : बरं झालं. ताई, गिऱ्हाईक आलंय बघ.

मुलगी : घंटा ऐकू आली तुम्हाला?

वडील : नाही. तुम्ही दोघींनी दाराकडे पाहिलंत.