बारा हातांची व्याहीभेट

मंडळी, कीर्तनात डोळे मिटायच्या आधी एक सांगा. मिटणारच आहात, मला ठाऊक आहे, पण आधी उत्तर द्या आणि मग खुशाल घोरा! दोघं भांडले, तर देव कुणाच्या बाजूला असतो?

हे पुढचे काका म्हणतात, "खऱ्याच्या!" वा! आणि खरा कोण? बघा, बघा — काकांचा हात मिशीवर गेला! म्हणजे काकाच खरे!

ऐका तर. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर ढगमाळ नावाचं गाव. गावाला लागून कडा. कसा कडा? जमीन चालता चालता संपते! पुढं पाऊल नाही, खाली थेट कोकण! घारीची पाठ कुणी बघितलीय का हो? तिथं दिसते. घार उडते आपल्या पायाखालून! आणि अगदी टोकाला, शेंदूर फासलेला भैरोबा.

त्या गावच्या बहिरू पाटलाच्या घरात कोंडाजीची लेक दिली होती. हौसा. कोंडाजी पलीकडच्या खोऱ्यातला. लग्न लागलं, अक्षता पडल्या, आणि आली व्याहीभेट! दोन बापांनी पुढं व्हायचं, मिठी मारायची, एवढंच काम. कोंडाजी मांडवाच्या या टोकाला, बहिरू त्या टोकाला. मध्ये बारा हात सतरंजी.

पहिलं पाऊल कुणी टाकायचं?

कोंडाजी मनात म्हणतो, "पोटची पोर दिली मी. येऊ दे की त्याला!" बहिरू म्हणतो, "मुलाचा बाप आहे मी!" सनईवाल्याचे गाल दुखले हो! बारा हात, मंडळी! एखादी म्हैस तेवढ्यात दोनदा जाऊन आली असती. पण म्हशीला कुठं मान असतो? म्हणून तर ती सुखात!

भेट झालीच नाही. बहिरूनं सांगून टाकलं, "आधी हा येऊन भेटेल, मगच सून माहेरी जाईल."

झालं! पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही नाही झालं. नात झाली, हे कोंडाजीला कुणी सांगितलं? बांगड्या विकणाऱ्या कासारानं! बायकोनं नातीसाठी कुंची शिवली. कोंडाजीनं ती बंडीच्या खिशात घातली, आणि सात महिने तिथंच राहिली. शेतात काम करता करता हात खिशात जायचा. मऊ लागायचं. हात बाहेर. पाय मात्र जागचा हलायचा नाही!

आता त्या भैरोबाचा गुरव होता गेनू. भलता बेरका! मला फार आवडतो. पाऊस उघडल्यावर त्यानं दोन्हीकडं निरोप धाडला. "भैरोबानंच निवाडा करायचं ठरवलंय. सकाळी कड्यावर या. ज्याच्या डोक्याभोवती देव तेजाचं कडं घालील तो मोठा. दुसऱ्यानं चालत जाऊन त्याला भेटायचं. कबूल?"

दोघंही म्हणाले, कबूल! म्हणणारच! हरायची भीती कुणाला होती?

सकाळ झाली. पाठीमागून कोवळं ऊन, आणि समोर खोल दरीतून धुकं वर चढतंय — कापसाची भिंतच! कोंडाजी एका अंगाला, बहिरू दुसऱ्या अंगाला. मध्ये किती अंतर? बारा हात! गुरवानं मोजून उभं केलं होतं. आणि बरोबर मधोमध हौसा, कडेवर पोर. कोंडाजीनं नात पहिल्यांदा बघितली, ती अशी, सहा हातांवरून.

"बघा समोर!" गुरव ओरडला.

कोंडाजीनं बघितलं! समोरच्या धुक्यावर त्याची सावली, आणि सावलीच्या डोक्याभोवती गोल — लाल, पिवळं, हिरवं, निळं! इंद्रधनुष्य कधी पुरं गोल बघितलंय, मंडळी? त्यानं मान हलवली, कडं हललं. हात जोडले, सावलीनं हात जोडले. "देवा, माझ्यासारख्या माणसाला?"

मग हळूच तिरक्या नजरेनं बघितलं... बहिरूच्या सावलीला काही नाही! कोरी!

"दिसलं का पाटील?" कोंडाजी गरजला. "या आता चालत!"

"मी? अहो, कडं माझ्या डोक्याला आहे! तुमची सावली बघा, बोडकी!"

"देवासमोर खोटं बोलता?"

"खोटं तुम्ही बोलता!"

"हौसा, तू सांग पोरी," गुरव म्हणाला. "कुणाच्या डोक्याभोवती आहे?"

हौसानं समोर बघितलं. डोळ्यांतून पाणी. मग म्हणाली, "मला तर माझ्याच डोक्याभोवती दिसतंय, गेनूकाका. माझ्या अन् छकुलीच्या. एकाच कड्यात दोघी."

कळलं का, मंडळी? ज्याला त्याला आपलंच कडं दिसत होतं!

"आबा," ती बापाला म्हणाली, "इथं येऊन बघा की. मामंजी, तुम्हीबी या."

एकमेकांकडं नाही गेले हां ते! नातीकडं गेले. आणि कोंडाजी जसजसा जवळ आला, तसतशा बाकीच्या सावल्या त्याच्या कड्यात शिरल्या. आधी लेकीची. मग नातीची. मग पागोट्याची एक मोठी सावली, बहिरूची! चार डोकी, एक कडं! खाली सगळं कोकण धुक्यात बुडालेलं, वर आभाळ, आणि मध्ये ते रंग. दोघांचे हात आपोआप जोडले गेले. अहो, एवढ्या मोठ्या देवासमोर भांडायचं तरी काय?

नातीनं एका आजोबाची मिशी धरली, दुसऱ्याचा कान. ओढली दोघांची डोकी एकत्र! झाली व्याहीभेट!

गुरव म्हणाला, "पण पहिलं पाऊल कुणाचं होतं?"

दोघंही म्हणाले, "कोण बघत होतं!"

मग कोंडाजीनं खिशातून कुंची काढली. नातीच्या डोक्यावर घालायला गेला... जाईना! लहान झाली होती. सात महिने खिशात पडलेली कुंची. त्यानं परत ओढून बघितली. नाहीच गेली. तेव्हा मात्र तो रडला हो! आणि त्याचे डोळे कुणी पुसले? बहिरूनं. त्याच कुंचीनं.

मंडळी, आता माझ्याकडं नका बघू. तुमच्या खिशात काय पडून आहे, ते चाचपा! पोर तिकडं वाढतंय!

या मांडवातही दोघं आहेत. एक त्या खांबाला टेकलेत, एक इकडं चपलांजवळ बसलेत. तीन वर्षं बोलत नाहीत. नाव घेणार नाही — आबासाहेब, मान खाली घालू नका, ओळखतील लोक! आता आरती आहे. मी मुद्दाम मोठं ताट मागवलंय, पितळेचं. फार जड आहे हो. एकट्याला उचलायचं नाही.

पेटीवाले, सूर द्या. आम्ही थांबलोय... उठा दोघं!